करपा कोणाच्या पापाने?

(हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी भक्तीनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वर्षी याच दिवशी मी आपल्या कामाचा अहवाल वाचून बाहेर पडत होतो. दाराशी एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला थांबवले. त्यांच्या हातात आपला छापील हिशेब होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "मीठ, बादल्या, चाळण्या आणि भिंगं. हे काय आहे? आम्ही सुवार्तेसाठी पैसे देतो ना?" प्रश्न रागाने विचारला नव्हता, पण मनातून विचारला होता. मी तेव्हा "बीजप्रक्रिया" असा एक शब्द बोलून निसटलो. त्यांना त्यातून काही कळले नसणार. आज पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत, ती त्या एका ओळीसाठी वापरतो.

आपले काम सुरगाणा आणि पेठ तालुक्यांच्या पाड्यांवर आहे. तिथे उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई होते, खाली खाचरात भात होते. वर्षभराची भाकरी त्या एका पावसाळ्यावर असते. पीक गेले की माणसे दिवाळीनंतर द्राक्षाच्या बागांवर किंवा वीटभट्टीवर जातात, आणि मुले शाळेतून निघतात ती बऱ्याचदा परत येत नाहीत. म्हणून तिथे पानावर ठिपका दिसला की घरात कोणी आजारी पडल्यासारखी चर्चा होते. कशाने झाले? कोणी केले? हा दुसरा प्रश्न घातक आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम घेत नाही. त्या वर्षी श्रावणभर ऊन पडलेच नाही. रात्रंदिवस झिमझिम आणि डोंगरावर धुके. भाद्रपदात नागलीच्या पानांवर ठिपके दिसू लागले. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते, अगदी डोळ्याच्या आकाराचे. कणसे बाहेर पडली तेव्हा कणसाखालची मान काळी पडून मोडू लागली. मान मोडली की वर दाणा भरत नाही. हातात कणीस घेऊन चोळले तर नुसता भुसा उडायचा. पाड्यावरच्या बहुतेक शेतांची हीच गत होती.

एक शेत मात्र हिरवे होते. ते एका विधवा आजीचे होते. पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी, साठीच्या पुढची बाई. तिच्या नागलीवरही थोडे ठिपके होते, पण कणसे भरली होती.

तुम्हाला वाटेल, लोक तिच्याकडे जाऊन विचारतील, "आजी, तू काय केलंस?" विचारले, पण वेगळ्या अर्थाने. आमचे जळाले आणि हिचे राहिले, म्हणजे आमचे हिने खाल्ले. डाकीण हा शब्द पहिल्यांदा कोण बोलले ते कुणालाच ठाऊक नाही. दोन दिवसांत तो सगळ्यांच्या तोंडी होता. विहिरीवर तिची घागर बाजूला सरकवू लागले. एका रात्री तिच्या कुडावर दगड पडले.

हे ऐकून आपण शहरातले ख्रिस्ती लोक मान हलवतो, "अंधश्रद्धा!" म्हणून. जरा थांबा. त्याच आठवड्यात आपल्याच कामातला एक सेवक तिथल्या विश्वासी कुटुंबांना सांगत होता की, तुम्ही दशांश देणे बंद केले म्हणून देवाने तुमच्या शेतावर करपा पाठवला. त्याने शास्त्रभागही दाखवले. अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पिकाच्या रोगाचा शाप आहे, आमोसच्या चौथ्या अध्यायात आहे, हाग्गयाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. हे भाग खरेच तिथे आहेत. मीही ईश्वरविज्ञानाच्या पदविकेला त्यांवर प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पण संदेष्टा एका राष्ट्राला, त्याच्या राजांना आणि याजकांना जे बोलतो, ते उचलून एका गरीब माणसाच्या वीस गुंठ्यांवर ठोकायचे का? ईयोबाच्या मित्रांनी हेच केले होते आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले, थुंकीने माती कालवली आणि कामाला लागला. मला त्या प्रसंगात ती माती नेहमी लक्षात राहते.

म्हणजे पाड्यावर दोन कारणे सांगितली जात होती. भगताच्या बाजूने आजी, आपल्या बाजूने दशांश. तिसरे कारण माझ्या नावावर होते, आणि ते मला अजून ठाऊक नव्हते.

आम्ही तालुक्याच्या कृषी सहाय्यकांना विनंती करून पाड्यावर नेले. त्यांनी पाने तोडली, भिंगातून पाहिली, मोडलेल्या माना पाहिल्या. म्हणाले, "हा नागलीवरचा करपा. बुरशी आहे." मग त्यांनी प्रत्येक शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारला, "युरिया किती टाकला?" कुणी एक गोणी म्हणाले, कुणी दीड. एवढाल्या तुकड्यांना! "कुठून आणला?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या वर्षी आपल्या संस्थेला एक चांगली देणगी मिळाली होती आणि मी मोठ्या उत्साहाने युरिया फुकट वाटला होता. किती टाकायचा, कधी टाकायचा हे मी कुणाला सांगितले नव्हते, कारण मलाच नीट माहीत नव्हते. आजीला गोणी मिळाली नव्हती. वाटपाच्या दिवशी ती बाजाराला गेली होती.

आता ही बुरशी कशी वागते ते सांगतो, म्हणजे युरियाचा संबंध कळेल. बुरशी झाडासारखीच जिवंत असते, पण स्वतःचे अन्न तयार करत नाही. दुसऱ्याच्या पानात शिरून खाते. तिचे बीज इतके बारीक असते की डोळ्याला दिसत नाही. ते वाऱ्यावर उडते, एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. काही गेल्या वर्षीच्या दाण्याबरोबर घरातल्या कणगीतच राहते, काही बांधावरच्या गवतावर किंवा शेतातल्या धसकटांत तग धरते. पानावर पडले तरी ते लगेच काही करू शकत नाही. त्याला पान कित्येक तास ओले हवे. रात्रीचे दव, धुके, झिमझिम पाऊस आणि सौम्य गारवा असला की ते रुजते आणि पानात घुसते. कडक ऊन पडून पाने वाळली की थांबते. म्हणून रोगाला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. रोग लागू शकेल असे पीक, रोगाचे बीज आणि त्याला मानवणारे हवामान. यातली एक जरी निघाली तरी रोग लागत नाही किंवा फार बळावत नाही.

हवामान आपल्या हातात नव्हते. बीज हवेत होते. पीक मात्र मी बिघडवले. युरियाने झाड हिरवेगार होते, भराभर वाढते, पण पाने कोवळी आणि लुसलुशीत राहतात. दाटीमुळे आत वारा खेळत नाही, ओल टिकते. करप्याच्या बुरशीला याहून चांगले घर नाही. आजीची नागली जुन्या घरच्या वाणाची, तांबड्या-काळपट दाण्याची, विरळ लावलेली, शेणखतावर वाढलेली. गडद दाण्याच्या वाणांत या रोगाला तोंड देण्याची ताकद पांढऱ्या दाण्याच्या वाणांपेक्षा सहसा जास्त आढळते, असे कृषी सहाय्यकांनी सांगितले. डाकिणीच्या शेतातले गुपित एवढेच होते.

त्या संध्याकाळी पाड्यावर बैठक झाली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "युरिया मी आणला. चूक माझी आहे. आजीचा काही संबंध नाही, आणि दशांशाचाही नाही." आयुष्यात इतके उपदेश केले, पण एवढे जड वाक्य कधी बोललो नव्हतो. एक म्हातारा म्हणाला, "मग तुम्हीच डाकीण की काय, सर?" लोक हसले. ते हसू ऐकून मला बरे वाटले, हे खरे सांगतो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आपल्या राज्यात आहे आणि कुणाला डाकीण ठरवून छळणे हा गुन्हा आहे, हेही आम्ही सांगितले. पण कायद्याचा कागद दगड पडल्यानंतर कामाला येतो. दगड पडू नये म्हणून लोकांना भिंगातून ठिपका दिसावा लागतो.

सगळे गोड झाले असे समजू नका. आजी दोन महिने भावाकडे जाऊन राहिली. परतल्यावर काही घरांनी तिच्याशी बोलणे सुरू केले, काहींनी आजही केलेले नाही. आपला तो सेवक भाऊ माझ्यावर बरेच दिवस नाराज होता. आता तोच बीजप्रक्रियेच्या बादल्या खांद्यावर घेऊन पाडे चढतो.

हे फक्त आदिवासी पाड्यावर घडते असेही नाही. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक काही आठवड्यांत काळे पडून सडले. गोरगरीब जवळजवळ बटाट्यावरच जगत आणि बहुतेक ठिकाणी एकाच जातीचा बटाटा होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या वेळीही पुष्कळांनी व्यासपीठावरून सांगितले की ही देवाची शिक्षा आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत होते की ओल्या हवेने बटाटा आतून कुजला आणि त्यावर नंतर बुरशी आली. उलट बोलणाऱ्या थोड्या माणसांत इंग्लंडमधल्या एका खेड्यातला पाळक होता, रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली. मंडळीचे काम सांभाळून तो सूक्ष्मदर्शकाखाली बुरश्या पाहत असे. १८४६ साली त्याने लिहिले की बुरशी नंतर येत नाही, तीच रोगाचे कारण आहे. लोकांनी फारसे मानले नाही. पुढे १८६१ साली अँटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगाने तेच सिद्ध केले. आपल्या धर्मशिक्षणाच्या शाळांत इतक्या पाळकांची चरित्रे शिकवतात, बर्कलीचे नाव मला मात्र चाळिशी गाठल्यावर कळले.

अर्थात, माणसे केवळ बुरशीने मेली नाहीत. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य बाहेर जात होते. आपल्याकडे बंगालमध्येही १९४२ साली भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग मोठ्या प्रमाणावर आला आणि १९४३ साली दुष्काळ पडला, पण युद्ध, महागाई आणि सरकारी धोरणे यांचा वाटा त्यात फार मोठा होता. रोग पिकाला लागतो, उपाशी कोणी राहायचे हे मात्र माणसे ठरवतात.

आता मिठाकडे येतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे. त्यात भाताचे बियाणे ओतून ढवळायचे. पोकळ, रोगट, हलके दाणे वर तरंगतात. ते चाळणीने काढून नष्ट करायचे. तळाशी बसलेले जड बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. मग दर किलोला अडीच ते तीन ग्रॅम थायरम चोळायचे, हातात मोजे घालून. किंवा ट्रायकोडर्मा चोळायचे, ही रोगाच्या बुरशीला खाणारी चांगली बुरशी असते. झाले. याला खर्च मिठाच्या पुड्याचा आणि बादलीचा. ते तरंगणारे दाणे पाहायला बायका गोळा होतात. एक मावशी मला म्हणाली, "आतापर्यंत आम्ही हे सगळं पेरत होतो?" मी म्हणालो, "हो मावशी, आणि मी सगळ्यावर युरिया टाकत होतो."

दुसरा प्रयोग काचेच्या पेल्याचा आहे. भाताला कडा करपा नावाचा वेगळा रोग येतो. यात पानाच्या टोकाकडून कडा पिवळ्या, नागमोडी होत वाळत जातात. नावात करपा असला तरी हा बुरशीने होत नाही, जिवाणूने होतो. ओळखायचे कसे? जिथे पिवळा आणि हिरवा भाग मिळतो तिथला पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात सोडायचा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धूसर रेघ पाण्यात उतरू लागते. ते जिवाणू असतात, लाखोंनी. हे पाहिल्यावर पाड्यावरची पोरे गप्प होतात आणि मग प्रत्येकाला आपल्या शेताचे पान आणायचे असते.

हा फरक कळणे पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. बहुतेक बुरशीनाशके जिवाणूवर चालत नाहीत. मागे एका शेतकऱ्याने कडा करप्यासाठी बाजारातल्या एका दुकानातून तीन बाटल्या आणल्या. एक किडीची, एक बुरशीची आणि एक टॉनिक. बिल मागितले तर मिळाले नाही. त्याच्या बकरीचे पैसे त्यात गेले. त्याला करायचे होते ते फुकटचे होते. युरियाचा पुढचा हप्ता थांबवायचा, खाचरातले पाणी काढून द्यायचे, आणि रोगट खाचरातले पाणी निरोगी खाचरात जाऊ द्यायचे नाही. लावणीच्या वेळी आवणाचे शेंडे खुडण्याची पद्धत आहे, खोडकिड्याची अंडी जावीत म्हणून. पण गेल्या वर्षी जिथे कडा करपा होता तिथे खुडू नये, जखमेतून जिवाणू आत जातो. आणि फवारणी करावीच लागली तर कृषी सहाय्यकांना विचारून, तोंडाला फडके, अंगभर कपडे, वाऱ्याकडे पाठ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली, त्यांत शेतमजूर होते. फुकट औषध वाटण्याचा मोह मला पुन्हा होऊ नये म्हणून हे मी स्वतःलाही सांगतो.

लोकांकडे ज्ञान नाही असे मात्र कृपा करून समजू नका. तिकडे पेरण्याआधी राब भाजतात. शेण, पालापाचोळा पसरून जाळतात आणि त्या जागेवर आवण करतात. वरच्या थरातले तणाचे बी आणि पुष्कळसे रोगजंतू त्या आचेने मरतात. फांद्या फार तोडाव्या लागतात, हा त्याचा तोटा आहेच. उलट काही समजुती गमतीच्या आहेत. भाताच्या लोंबीवर पिवळसर-हिरव्या मखमली गाठी येतात. ती आभासमय काजळी, तीही बुरशीच. पण तिला लक्ष्मी म्हणतात, कारण ज्या वर्षी पाऊस भरपूर आणि पीक जोमदार त्या वर्षी ती दिसते. हा रोग आहे म्हटले की म्हातारे माझ्याकडे दयेने पाहतात.

आजीच्या नागलीचे पुढे काय झाले ते राहिले. त्या वर्षीच्या बैठकीनंतर कृषी सहाय्यकांनी करप्याला तोंड देणारे जीपीयू-२८ हे सुधारित वाण सुचवले. काही जणांनी ते घेतले. पण चार घरांनी आजीच्या दारात जाऊन बियाणे मागितले. त्यांतल्या एकाच्या घरातून तिच्या कुडावर दगड आला होता, असे ती मला म्हणाली. मी विचारले, "दिलंस?" ती म्हणाली, "दिलं. पायली दिली, सव्वा पायली परत घेतली." दोन वर्षांपूर्वी पुन्हा तसाच ओला श्रावण झाला. करपा आला, माना काही मोडल्या, आजीच्याही शेतात मोडल्या. पण युरिया बेताचा होता, विरळणी झाली होती आणि त्या वर्षी कुणी कुणाच्या घरावर दगड मारला नाही. कृषी सहाय्यकांना निरोप गेला, आणि तो मी दिलेला नव्हता, पाड्यावरच्या एका पोराने फोन केला होता.

तर गेल्या वर्षीच्या बंधूंना, ते आज पुढच्या बाकावर बसले आहेत, माझे उत्तर हे आहे. आजी आपल्या मंडळीची नाही. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, होईल की नाही ते मी सांगू शकत नाही. मीठ तिच्याही बियाण्याला लागले आहे. हे पैसे तुमचे होते आणि ते तसेच खर्च झाले. यंदा रोहिणी नक्षत्राच्या आत, म्हणजे मे अखेरपर्यंत, आम्हाला आणखी काही पाड्यांवर बादल्या, चाळण्या आणि भिंगे पोचवायची आहेत. मृगाचा पाऊस लागला की बियाणे कुणी भिजवत बसत नाही, म्हणून वेळेवर लागतील. आजारी सेवकांसाठी आणि रस्ता नसलेल्या पाड्यांवरच्या कामासाठी प्रार्थना करा.

एक सांगायचे राहिले. समोरच्या मेजावर हंगामाची अर्पणे मांडली आहेत. डावीकडची ती लहान टोपली, काळपट नागलीची, आजीने पाठवली आहे. मी तिला सांगितले की आमच्याकडे अर्पणांचा लिलाव होतो आणि पैसे कामाला जातात. ती म्हणाली, "घेणाऱ्याला सांगा, भाकरी गरम पाण्यात मळायची, नाहीतर तुटते." पाळकसाहेब, माझी वीस मिनिटे झाली. लिलावाला त्या टोपलीपासून सुरुवात करायला हरकत नसावी.